अंधुक चित्राची साक्ष

सत्य अंधुक दिसत असतां तें स्पष्ट करून सांगावें, कीं अंधुकच सांगावें? हा प्रश्न वर्गांत मीं अनेक वेळां चर्चिला आहे; परंतु त्याची बोच मला प्रथम जाणवली ती गेल्या चैत्रांत, घराच्या परसांत दुर्बिणीजवळ बसलों असतां.

सप्तर्षींतील शेवटचा तारा मरीचि. त्याच्या जवळच एक दीर्घिका आहे. फ्रेंच ज्योतिषी मेसिए यांच्या यादींत तिचा क्रमांक ५१. तिचा प्रकाश आपणांपर्यंत पोंचण्यास दोन कोटींहून अधिक वर्षें लागतात. १७७३ सालीं मेसिए यांना ती नुसती धूसर दिसली. १८४५ सालीं आयर्लंडांत लॉर्ड रॉस यांनीं सहा फूट व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणींतून तिचे वळलेले बाहू पाहिले व हातानें रेखाटले. माझी दुर्बीण आठ इंचांची. शेजारीं रस्त्यावरील दिव्यांची रांग. आणि दिवसभर तापलेल्या छपरांवरून उठणाऱ्या हवेमुळें तारे पाण्याखालच्या खड्यांप्रमाणें हालत होते.

अशा वेळीं एकेका मिनिटाचीं शंभर चित्रें घेऊन गणकयंत्राकडून त्यांची बेरीज करितात. यांतील गणित मनोहर आहे. दीर्घिकेचा प्रकाश प्रत्येक चित्रांत एकाच जागीं पडतो, म्हणून तो शंभरपट होतो; अकारण उमटणारे कण आतां येथें, मग तेथें, म्हणून त्यांचा गोंधळ दहापटच वाढतो. मात्र कांचेवर बसलेल्या धुळीचा डाग प्रत्येक चित्रांत त्याच जागीं असतो. दीर्घिकेबरोबर तोहि ठळक होतो. तो घालविण्यासाठीं सारख्या उजळलेल्या पांढऱ्या पडद्याचें निराळें चित्र घ्यावें लागतें. कोरें कांहीं पाहिल्यावांचून यंत्रास स्वतःचा दोष कळत नाहीं. आपल्या मतांचेंहि असेंच नव्हे काय? क्षणिक चूक अनुभवाच्या बेरजेंत विरते. अंगीं मुरलेला पूर्वग्रह प्रत्येक अनुभवानें बळावतो.

चित्र तयार झालें. मधला गाभा दिसला, बाहूंचा भास झाला. परंतु हवेनें पुसलेल्या रेषा बेरजेनें परत येत नाहींत. आज अशीहि साधनें मिळतात कीं, हजारों रेखीव चित्रांवरून शिकून तीं अंधुक चित्रांत रेषा भरून देतात. मीं तें करून पाहिलें. बाहू कोरल्यासारखे उठून आले. मुलगी मागें उभी होती. तिनें विचारलें, "बाबा, एवढं सगळं तुम्हांला दिसलं?" मी म्हणालों, "होय."

त्या दोन अक्षरांनीं माझी झोंप उडविली. बेरीज हीहि कृत्रिमच, मग भेद कोठें, असा युक्तिवाद मीं मनाशीं केला. परंतु भेद होता. बेरजेंत जें आलें तें सारें त्या रात्रीं माझ्या परसांत उतरलेल्या प्रकाशाचें होतें. नंतर जें आलें तें इतरांच्या चित्रांवरून बांधलेलें अनुमान होतें. त्या रेषा खोट्याच होत्या असेंहि नाहीं. मोठ्या दुर्बिणीच्या चित्राशीं त्या कदाचित् जुळतीलहि. पण एखादी गोष्ट खरी असणें निराळें आणि तिला मी साक्षी असणें निराळें. ऐकीव गोष्ट डोळ्यांनीं पाहिली म्हणून सांगणारा साक्षीदार, ती गोष्ट खरी ठरली तरी, खोटाच ठरतो. शिक्षकाच्या धंद्यांत हा मोह रोजचा आहे. पुस्तकांतील निश्चय आपल्याच अनुभवाचा म्हणून सांगण्यास कितीसा वेळ लागतो?

दुसऱ्या दिवशीं मीं मुलीला मूळ चित्र दाखविलें आणि आदल्या रात्रीच्या 'होय'ची दुरुस्ती केली. तिनें तें बराच वेळ न्याहाळलें. मग विचारलें, "मग खरोखर दिसलं कुठपर्यंत?"

मीं त्या धूसर कडेवर बोट ठेविलें आणि म्हटलें, "इथपर्यंत."