पूर्वपुण्याई आणि हृदय

'तरुणपणी पुष्कळ जोर-बैठका काढल्या. आता विश्रांतीचा अधिकार आहे,' असे म्हणणारे गृहस्थ आपणांत थोडे नाहीत. हा अधिकार खरोखर प्राप्त होतो काय?

लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे चालक दिवसभर बसून असत. वाहक तिकिटांसाठी जिने चढत-उतरत. वाहकांत हृदयविकार कमी आढळतो, हे डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखविले. चालक मुळातच अधिक स्थूल असत, हेही त्यांनीच पुढे नोंदले; तथापि नंतरच्या संशोधनाने श्रमाचे महत्त्व दृढच केले.

त्याहून बोधप्रद निष्कर्ष डॉ. राल्फ पॅफेनबार्गर यांचा. हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे १७,००० माजी विद्यार्थ्यांचा त्यांचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थिदशेत खेळाडू असून पुढे आळसावलेल्यांना जुन्या खेळाचे संरक्षण उरले नव्हते. उत्तर आयुष्यात नित्य श्रम करणाऱ्यांना मात्र ते लाभले.

म्हणजे व्यायाम ही ठेव नव्हे, नित्यकर्म होय. कालच्या स्नानाने आजची शुद्धी होत नाही. या नियमात कठोरता आहे, तशी करुणाही आहे: उशिरा आरंभ करणाऱ्यासही दार बंद नाही.

'देह माझा, उपेक्षाही माझी,' हे म्हणणे मात्र न्याय्य नव्हे. आपल्या आजाराचा भार घरची माणसे वाहतात. आठवड्यास १५० मिनिटे झपाझप चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुना विकार असल्यास वैद्यकीय सल्ल्याने आरंभ करावा; पण विश्रांतीचा अधिकार सांगून कर्तव्य टाळू नये.