त्या एका ओळीपाशी अडलेल्या भाचीस

सव, ता. महाड

चि. बाय हिस,



तुझं पत्र मिळालं. आडपडदा न ठेवता लिहिलंस, हे फार बरं केलंस. चुलत्यांचं ऑपरेशन तुमच्या मिरजेलाच ठरलं, काकूने फोन करून तुझ्याकडे राहायची सोय होईल का विचारलं, आणि तेव्हापासून मंडळीत प्रभूची प्रार्थना म्हणताना दुसऱ्याला क्षमा करण्याची ओळ आली की तुझी जीभ अडते. बाकीचे म्हणतात, तू गप्प उभी राहतेस. म्हणून तू विचारलंस की मामा, डोंगरावरचं प्रवचन तुमच्या-आमच्यासारख्यांना पेलणारं आहे तरी का? नसेल तर दर रविवारी आपण सगळे मिळून खोटं का बोलतो?

तुझा राग खरा आहे, हे आधी लिहून ठेवतो. जुलै 2021 मध्ये सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं, तुमच्या घराचा तळमजला बुडाला. घर दोघा भावांचं, पण घरपट्टी थोरल्याच्या, म्हणजे चुलत्यांच्या, नावावर. पंचनाम्यात नाव त्यांचंच लागलं, मदत त्यांच्याच खात्यात जमा झाली, आणि तुझे बाबा हयात नसताना तुझ्या आईच्या हातावर त्यातला एक रुपया पडला नाही. वर माडीला कुलूप. हे विसरून जा, असं मी सांगणार नाही. विसरणं म्हणजे क्षमा, असं येशूने कुठेही शिकवलेलं नाही.

आता तुझा प्रश्न. मत्तयाच्या पाचव्यापासून सातव्या अध्यायापर्यंतचं ते बोलणं ज्यांनी ज्यांनी मनावर घेतलं, ते सगळे याच ठिकाणी अडखळले. वैऱ्यावर प्रीती करायची, मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करायचा, बळजबरीने एक कोस नेणाऱ्याबरोबर दोन कोस चालायचं. मध्ययुगात युरोपातल्या चर्चने तोड काढली की हे शिखर मठातल्या साधू-साध्वींचं, संसारी माणसाने दहा आज्ञा पाळल्या तरी पुष्कळ. ल्यूथरने ती वर्गवारी मोडली, पण न्यायाधीश आणि शिपाई कामावर असताना त्यांना वेगळा नियम लावला. टॉल्स्टॉयने दुसरं टोक गाठलं. कोर्ट, सैन्य, मालमत्ता सगळं नाकारा, शब्द न् शब्द पाळा, असं तो म्हणाला. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत त्याचं पुस्तक वाचलं आणि पुढे काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण हाच टॉल्स्टॉय 1910 साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, बायकोला न सांगता रात्रीच घराबाहेर पडला आणि काही दिवसांतच एका आडगावच्या रेल्वे स्टेशनवर वारला. जगाला शांती शिकवणाऱ्याच्या घरात शांती नव्हती. मी त्याला दोष देत नाही. आदर्शाची किंमत कुणाच्या पदरातून जाते, हे मात्र बघत जावं.

आपल्या मराठी मंडळीत हे बघायला फार लांब जावं लागत नाही. रेव्हरंड टिळक आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि याच तीन अध्यायांनी त्यांना धरलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. जवळजवळ पाच वर्षं नवराबायकोची ताटातूट झाली. टिळक खरोखर प्रवचनाप्रमाणे जगू पाहत होते. हातात पैसा ठरत नसे, दारी आलेल्याला नाही म्हणत नसत, आणि 1917 मध्ये तर मिशनचा पगार सोडून ते ख्रिस्तभक्तांच्या 'देवाच्या दरबारा'च्या स्वप्नामागे निघाले. मोठा माणूस होता. पण तो तापट होता, आणि त्याच्या उदारपणाचा हिशेब घरात कुणीतरी जुळवत होतं. ते कोण, हे तुला लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचून कळेल. मिळवून वाच, मिरजेच्या वाचनालयात असेलच.

मला विचारशील, तर या प्रश्नात टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंचं बोट धर. नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या बाई. वडिलांना सोवळ्याचं असं वेड की घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत यायची नाही. शाळा नाही, लिहिणं-वाचणं लग्नानंतरचं. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या एका दिवसात संत झाल्या नाहीत. परत एकत्र आल्या तेव्हा स्वतंत्र चूल, स्वतंत्र पाणी. राग होता, रडणं होतं, भांडणं होती. नवरा म्हणतो म्हणून त्यांनी काहीच सोडलं नाही. मग एकदा स्वतःशीच विचार करता करता त्यांना दिसलं की जात माणसाने केली, देवाने नाही. आणि ते दिसल्यावर त्या कुणाच्याही हातचं खाऊ लागल्या. धर्मांतर त्याच्याही नंतरचं, 1900 सालचं. पुढे त्यांनी परक्या लेकरांना पोटाशी धरलं, आणि टिळक 1919 मध्ये गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढचे 64 अध्याय लिहून पुरं केलं. यात एकही पाऊल उडी मारून टाकलेलं नाही. प्रत्येक पाऊल आधी पायाखालची जमीन चाचपून टाकलेलं आहे.

बाय, साध्या माणसाला हे जमतं का, या प्रश्नाचं माझं उत्तर त्यात आहे. जमतं. एकदम जमत नाही, सगळं जमत नाही, आणि बरेचदा मन मागे राहिलेलं असताना हात आधी पुढे जातो. येशूने हे बोलताना समोर कोण बसलं होतं ते आठव. कोळी होते, शेतकरी होते, रोजंदारीची माणसं होती. पुढे जकातनाक्यावरचा मत्तय मागे आला. निवडलेल्या बारांतले जवळचे तिघे ऐन रात्री गेथशेमाने बागेत झोपून गेले आणि पेत्राने कोंबडा आरवण्याआधी तीनदा ओळख नाकारली. त्याच पेत्राच्या हाती मंडळी सोपवली गेली. जे बोलणं फक्त थोरांसाठी असतं, ते अशा लोकांपुढे कुणी बोलत नाही.

आपल्याकडच्या पुराचंच बघ. पाणी ओसरल्यावर आमच्या खोलीत गुडघाभर गाळ होता आणि त्याला असा वास की दाराशी उभं राहवेना. त्या वेळी फावडं आणि घमेलं घेऊन पहिला कोण आला असेल, तर ज्याच्याशी आमचा बांधावरून वाद, तो शेजारी. बोलला नाही. धोतर वर खोचलं आणि गाळ उपसायला लागला. तुझ्या मामीची भांडी त्याच्या बायकोने राखेने घासली, पेल्यांच्या काठात अडकलेली माती काडीने काढून. दोन दिवस ती दोघं राबली. त्याच आठवड्यात तळिये गावावर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली, आणि कुठल्या कुठल्या गावची पोरं पाण्याचे बॉक्स आणि चादरी घेऊन चिखलातून चालत गेली. त्यांतल्या किती जणांनी मत्तयाचं शुभवर्तमान उघडलं असेल? पुढच्या पावसाळ्यात त्या शेजाऱ्याशी बांधावरून पुन्हा तोंडातोंडी झाली, हेही तुला सांगतो. म्हणून ते दोन दिवस खोटे ठरत नाहीत. त्यांनी आदर्श पाळला, मग सोडला, आणि पुन्हा पाळतील. मीही तसाच.

पण आता जे लिहितो ते नीट वाच, कारण याच जागी आपल्या मंडळीत फार घोळ घातला जातो. सोसण्याचा उपदेश नेहमी सोसणाऱ्यालाच केला जातो. नवरा मारतो, तर बाईला म्हणायचं, ख्रिस्तानेही सोसलं. दिराने हिस्सा लुबाडला, तर विधवेला म्हणायचं, प्रीतीने राहा. लुबाडणाऱ्याला मात्र कुणी जक्कयाची गोष्ट ऐकवत नाही, ज्याने फसवलेल्याला चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं. वैऱ्यावर प्रीती म्हणजे वैऱ्याची सोय नव्हे. ज्याचं भलं चिंतायचं, त्याला अन्याय पचू देणं हे त्याचं भलं नाही.

तू ज्या महाडात वाढलीस तिथलंच उदाहरण बघ. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि त्यांच्या मागे हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. नगरपालिकेने 1924 मध्येच तळं अस्पृश्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता, पण कागदावरच. परत आल्यावर देवळात घुसणार अशी आवई उठली आणि जमावाने परतणाऱ्यांना गाठून झोडपलं. मार खाल्लेल्यांत सैन्यातून आलेली माणसं होती. उलट हात उचलायचा म्हटलं असतं तर त्या दिवशी महाडात काय झालं असतं, कल्पना कर. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं आणि ती आवरली. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा कोर्टाचा मनाई हुकूम होता म्हणून तळ्यावर जाणं थांबवलं. पण खटला सोडला नाही. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने तळ्याचं पाणी सगळ्यांचं असल्याचा निकाल दिला. दहा वर्षं लागली. बाबासाहेबांनी हे ख्रिस्ताच्या नावाने केलं नाही आणि आपण ते आपल्या खात्यात मांडू नये. पण मारणाऱ्यावर हात न उचलणं आणि हक्क न सोडणं या दोन गोष्टी एकाच माणसात, एकाच वेळी राहू शकतात, हे शेतमजुरांनी आणि पेन्शनवरच्या शिपायांनी दाखवलं.

ओडिशातल्या ग्लॅडिस स्टेन्स यांचंही तसंच. 1999 मध्ये नवरा आणि दोन लहान मुलगे जिवंत जाळले गेले. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारीपदातलं कुष्ठरोग्यांचं काम पुढे काही वर्षं चालू ठेवलं. त्यांनी क्षमा केली म्हणून खटला थांबला नाही, शिक्षा व्हायची ती झालीच. क्षमा त्यांच्या हातात होती, न्याय कोर्टाच्या.

तेव्हा आता तू काय करायचं ते सांगतो. चुलत्यांना दवाखान्यात दाखल करायला तू जा. तुझी तिथे ओळख आहे, केसपेपर, तपासण्या, रक्त कुठून मिळायचं हे तुला कळतं आणि काकूला कळत नाही. ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकावर तिच्याजवळ बस. गोड बोलायची सक्ती नाही. खोलीवर ठेवून घ्यायला मन होत नसेल तर ठेवू नकोस. दवाखान्याजवळ नातेवाइकांसाठी खोल्या असतात, त्यातली एक बघून दे. जेवढं कडू न होता देता येईल तेवढंच दे. जास्त देऊन मग आतल्या आत जळत राहिलीस, तर ती प्रीती नव्हे. आणि चुलते बिछान्यावर असताना पैशांचा विषय काढू नकोस. ते घरी येऊन हिंडूफिरू लागेपर्यंत थांब.

पण अर्ज थांबवू नकोस. मदतीचे पैसे किती आणि कुणाच्या खात्यात गेले, हे तहसील कार्यालयात माहितीच्या अधिकारात विचारता येतं. घरावर वारस म्हणून तुझ्या आईचं नाव लागावं, यासाठी नगरपरिषदेत रीतसर अर्ज कर. चुलत्यांना आधी सांगून कर, पाठीमागे नको. डबाही तूच पोचव आणि अर्जावर सहीही तूच कर. लोक म्हणतील, ही कसली ख्रिस्ती? म्हणू देत.

राहिली ती ओळ. ज्या रविवारी म्हणवत नाही, त्या रविवारी गप्प राहा. खोटं म्हणण्यापेक्षा ते बरं. पण मंडळीतून उठून जाऊ नकोस आणि पुढच्या आधीच्या ओळी सोडू नकोस. क्षमा केली असं काकूला तोंडाने सांगू नकोस, ते खरं होईपर्यंत. खरं होईल तेव्हा सांगायची गरजही पडणार नाही. आणि नाहीच झालं, तरी तू दवाखान्यात गेली होतीस, हे पुसलं जात नाही.

घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि तुझ्या बाबांचा मृत्यूचा दाखला तुझ्या आईकडून घेऊन ठेवला आहे. ऑपरेशनची तारीख कळव. काकू एकटी निघायला घाबरते, तिला घेऊन मी एसटीने येतो आणि कागद सोबत आणतो.

तुझा,
मामा