बघ्याच्या नावे

दुसऱ्याचे काम उभे राहून पाहावे की पाहू नये, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांनी कसा काय सोडून दिला याचे मला नवल वाटते. आचमन कसे करावे, कोणत्या दिशेला डोके करून झोपावे, इथपर्यंत त्यांनी बारकाईने लिहून ठेवले. पण रस्त्यात खड्डा खणणारे चार जण आणि तो पाहणारे चाळीस जण यांच्या नात्याबद्दल एक ओळ नाही. वास्तविक बघ्या हा मनुष्यजातीतला सर्वांत मोठा वर्ग. पेणला गणपतीच्या कारखान्यात, येवल्याला पैठणीच्या मागापाशी आपण हौसेने जातो, "वा! काय हात आहे!" म्हणतो आणि बाहेर पडताना किमतीत घासाघीस करतो. हे पाहणे पुण्यात धरायचे की पापात? निदान जमेला धरायचे की नावे टाकायचे? मी बी. कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे, त्यामुळे नीतीचे प्रश्नही मला याच भाषेत पडतात.

आमच्या घरात हा प्रश्न कॅनडामार्गे शिरला. सौ.चे धाकटे बंधू तिकडे असतात. गेल्या मार्चमध्ये त्यांनी सहकुटुंब मेपलचा पाक कसा करतात हे पाहायला सहल काढली आणि तिचे चौऱ्याहत्तर फोटो आमच्या फोनवर पाठवले. मेपल म्हणजे ज्याचे पान १९६५ सालापासून त्या देशाच्या झेंड्यावर आहे ते झाड. हिवाळा सरता सरता रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा थोडी ऊब असे हवामान आले, की त्याच्या बुंध्यात भोक पाडून, त्याला नळी लावून रस गोळा करतात. हा रस दिसायला पाणी आणि चवीलाही जवळजवळ पाणीच. साखर शेकडा दोन. तो आटवत बसायचे. सुमारे चाळीस लिटर रसाचा एक लिटर पाक होतो. मूळ विद्या तिथल्या आदिवासींची, पुढे गोऱ्यांनी उचललेली. हल्ली लोक मुलाबाळांना घेऊन त्या भट्टीवर जातात, बर्फावर ओतलेला गरम पाक काडीला गुंडाळून खातात आणि फोटो काढतात. चौऱ्याहत्तरपैकी एकाहत्तर फोटोंत मेहुणे होते, तिनांत पाक होता. पाक करणारा माणूस एकातही नव्हता.

"आपल्याकडे असं का नाही काही?" आमच्या कन्येने विचारले.

"नाही कसं? गुऱ्हाळ आहे की!" मी म्हणालो, आणि तिथेच गुऱ्हाळ सुरू झाले. मराठीत न संपणाऱ्या चर्चेला गुऱ्हाळ म्हणतात. तो शब्द ज्याने रूढ केला त्याने आमचे घर पाहिले असले पाहिजे.

आंबिवलीकरांची सहल म्हणजे सहसा पुढचेच स्टेशन, टिटवाळा. गणपतीचे दर्शन घ्यायचे, भजी खायची, संध्याकाळच्या गाडीने परत. त्यामुळे गुऱ्हाळाची सहल हा आमच्यासाठी परराष्ट्र धोरणाचा विषय झाला. समोरच्या ब्लॉकमधल्या निवृत्त गृहस्थांनी सुचवले, की झाडाचाच रस पाहायचा तर नीरा जवळची. गोष्ट खरी होती. शिंदीला किंवा ताडाला छेद देऊन रात्रभर मडक्यात रस गोळा करायचा आणि उजाडायच्या आत उतरवायचा, हे मेपलचे सख्खे भावंडच. फक्त मेपलला थंडी लागते आणि नीरेला घाई. ऊन चढले की तिची ताडी होऊ लागते. पण सौ. म्हणाल्या, "माडाखाली बसून ताक प्यायलं तरी लोक माडीच म्हणतात. पोरांना घेऊन मी तिथे उभी राहणार नाही." नीरा नामंजूर झाली.

मग कोल्हापूर. गुळाचे नाव काढले की कोल्हापूरला वगळून कसे चालेल? तिथली शाहूपुरी ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली तीच गुळाच्या व्यापारासाठी. कल्याणला रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची, सकाळी कोल्हापूर. चिरंजीव म्हणाले, गुऱ्हाळाचा व्हिडिओ काढू. सौ. म्हणाल्या, काकवी आणू, दोन बरण्या घेऊन ठेवते. कन्या म्हणाली, तिथे बर्फ असतो का? मी कागदावर खर्चाच्या दोन रकाने पाडलेल्या याद्या करत होतो. सगळे जमत आले असताना आतल्या खोलीतून आईचा आवाज आला.

"काय बघायला निघालायसा म्हणं?"

आईचे माहेर करवीर तालुक्यातले. लग्न होऊन आंबिवलीला आल्याला तिला पन्नास वर्षे होत आली. एरवी ती आमच्यासारखेच बोलते. राग आला किंवा माहेर आठवले, की भाषा गाडी बदलते. आता नेमके कोणते कारण होते ते आम्हांला कळेना.

"गुऱ्हाळ," मी म्हणालो.

"गुऱ्हाळ काय बघायची वस्तू हाय व्हय? आठ वर्साची असल्यापासनं मी चिपाडं वाळवलीत. चरकातनं पडलेली वली चिपाडं डोक्यावरनं न्यायची, उनात पसरायची, सांजच्याला गोळा करायची. हाताला ही कुसळं! त्यातलं काय बघणार तुमी?"

आईने हे गेल्या चाळीस वर्षांत मला कधी सांगितले नव्हते. मीही कधी विचारले नव्हते. गूळ आमच्या घरात डब्यातून येतो, असा सगळ्यांचाच समज.

मग ती सांगत गेली आणि आमची चर्चा आपोआप थांबली. तिच्या लहानपणी चरकाचे बैल गेले होते, इंजिन आले होते. उसाचा रस गाळून भल्यामोठ्या काहिलीत पडायचा. खाली चुलवाण. त्यात जळण काय, तर त्याच उसाची वाळलेली चिपाडे. म्हणजे ऊस स्वतःचाच रस स्वतःच आटवतो. रानभेंडीची झाडे कुटून, पाण्यात चोळून निघालेला बुळबुळीत रस आत घातला, की मळी वर येते. ती झाऱ्याने काढत राहायची. अडीच-तीन तास हे चालते. मधेच, गूळ व्हायच्या आधी, उतरवून घेतली ती काकवी. पुढे पाक घट्ट होत जातो आणि मग सगळ्यांच्या नजरा गुळव्याकडे लागतात. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळवून पाहतो. पुस्तकात हे तपमान ११८ अंशांच्या आसपास दिले आहे, गुळव्याकडे त्यासाठी दोन बोटे असतात. क्षणभर आधी उतरवला तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. त्याने हात वर केला, की काहील उतरवायची, पाक वाफ्यात ओतायचा, घोटायचा आणि साच्यात भरायचा. शंभर किलो उसामागे गूळ मिळतो दहा-बारा किलो.

"आनि चुलवाणाफुडं आमचा चुलता बसायचा," आई म्हणाली. "त्येच्या भुवया कायमच्या जळून गेल्या हुत्या. आमी पोरं त्येला हसायचो. बघायला येणारी पांढऱ्या कापडातली मंडळी वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी ऱ्हायची. धूर आमच्याकडं, रस त्यास्नी."

"त्यांना रस द्यायचे?" चिरंजीवांनी विचारले.

"द्यायचाच की! गुऱ्हाळावरनं कुणी रिकाम्या तोंडानं जायाचं न्हाई. भिकारी असूंदे न्हाईतर मामलेदार. प्वाटभर रस आनि जाताना हातावर गरम गूळ."

"पैसे?"

आईने नातवाकडे अशा नजरेने पाहिले, की त्याने फोन खिशात ठेवला.

इथे माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. कॉलेजात पहिल्या वर्षी जो नियम घोकून घेतात तो असा: घेणाऱ्याच्या नावे टाका, देणाऱ्याच्या जमा करा. गुऱ्हाळावर जो रस प्यायला त्याच्या नावे काहीतरी पडलेच पाहिजे. आईच्या गावाने ती वहीच ठेवली नव्हती. पण वही ठेवली नाही म्हणून देणे फिटते असे आमच्या कुठल्याही परीक्षेत शिकवलेले नाही.

मला आमच्या बँकेची आठवण झाली. ३१ मार्चच्या रात्री एखादे कुटुंब डबे घेऊन आमच्या शाखेत सहलीला आले आहे, अशी कल्पना करा. "बाळा, ते बघ, काका कशी बेरीज जुळवतायत! काका, आमच्या मुलीचं बघायचं राहिलं, पुन्हा एकदा चुकवून दाखवा ना." मला ते आवडेल का? खरे सांगायचे तर थोडे आवडेल. आमच्याकडे दिवसभर शेकडो लोक पाहतात, पण ते फक्त काउंटर रिकामे आहे का आणि सर्व्हर चालू आहे का, एवढेच पाहतात. त्या नजरेत माणूस नसतो, पासबुक असते. आमच्या शेजारच्या मोहन्याचेच घ्या. लाकडाच्या लगद्यापासून रेशमासारखा धागा काढणारी एन.आर.सी. तिथे होती. ती चालू होती तोवर आमच्यापैकी कुणी पोराबाळांना घेऊन तो धागा पाहायला गेल्याचे मला आठवत नाही. २००९ साली ती बंद पडली, तेव्हापासून येणाराजाणारा थांबून फाटकाकडे पाहतो. म्हणजे नुसते पाहणे वाईट नाही. कधी कधी न पाहणे जास्त वाईट.

मी आईला विचारले, "त्या बघ्यांचा राग यायचा का गं?"

"बघणाऱ्याचा कशाला राग? येऊंदेत की. राग यायचा त्यो अडत्याचा. त्यो मानसांकडं बघायचाच न्हाई. ढेप फोडायची, रंग बघायचा. पिवळा असला तर भाव, तांबडा असला तर तोंड वाकडं. जमीन खारी असली तर गूळ काळा येनारच. त्यात आमच्या चुलत्याच्या भुवयांचा काय दोष?"

हे ऐकले आणि मला वाटले, की आपल्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. कारण अडत्या काही पिवळा रंग स्वतःच्या घरी नेऊन भिंतीला लावत नव्हता. त्याच्या मागे दुकानदार होता आणि दुकानदाराच्या मागे तुम्ही-आम्ही. आजही आंबिवलीच्या स्टेशनबाहेर वाण्याकडे जाऊन पाहा. "गूळ चांगला पिवळाधमक द्या हो!" असेच आपण म्हणतो. चांगला म्हणजे पिवळा, हे आपले शास्त्र. आपल्या या शास्त्रापायी अनेक गुऱ्हाळांवर रसात ज्याला 'हायड्रॉस' म्हणतात ते सोडियम हायड्रोसल्फाइट पडू लागले, कारण त्याने रंग उजळतो. काही ठिकाणी रसाबरोबर साखरही पडते. मग आपण वर्तमानपत्रात रसायनांबद्दल वाचतो आणि म्हणतो, "काय हे लोक!" हे लोक बिचारे आपल्याच डोळ्यांचा हुकूम बजावत असतात. आपण कोल्हापूरला सहल काढायच्या कितीतरी आधी आपली नजर तिथे जाऊन पोचलेली असते, काहिलीच्या काठावर उभी असते, आणि तीही वाऱ्याच्या वरच्या अंगाला.

तेव्हा दुसऱ्याचे काम पाहावे की नाही याचे माझे उत्तर असे: जरूर पाहावे. न जाता लांबून हुकूम सोडणाऱ्या बघ्यापेक्षा धुरात जाऊन उभा राहणारा बघ्या केव्हाही बरा. मात्र पाहणे फुकट नसते. तिकीट काढले, रसाचे पैसे दिले, काकवीच्या बरण्या भरून घेतल्या, एवढ्याने हिशेब मिटत नाही. ती नुसती मालाची किंमत झाली. पाहिलेल्याची रक्कम बघ्याच्या नावे राहते आणि ती फेडायची जागा गुऱ्हाळ नसून वाण्याचे दुकान आहे. ज्याने चुलवाण पाहिले त्याला पुढे तांबड्या ढेपेकडे तोंड वाकडे करून पाहता येऊ नये. पाहून आल्यावरही जो पिवळाच मागतो, त्याने खुशाल व्हिडिओ काढावा. त्याने पाहिले काहीच नाही.

सहल दिवाळीनंतर, गुऱ्हाळे पेटली की निघायची, असे सर्वानुमते ठरले आहे. आई यायला तयार झाली, पण तिच्या अटींवर. मुक्काम हॉटेलात नाही, तिच्या भाचीकडे. मुलांनी रस पिण्याआधी तासभर चिपाडे पसरू लागायची. व्हिडिओ काढायला हरकत नाही, पण चुलवाणापुढे बसलेल्या माणसाला आधी विचारायचे, आणि तो नको म्हणाला तर फोन खिशात. गूळ घ्यायचा तो गुळव्या देईल तो, रंग न पाहता. सौ.ची एक बरणी आईने कमी केली, ती का ते आम्ही विचारले नाही.

मेहुण्यांना हा बेत कळवला तेव्हा त्यांनी, तिथे कार पार्किंगची सोय आहे का आणि जाताना कपडे काय घालायचे, असे विचारले. पार्किंगचे मला माहीत नव्हते. कपड्यांचा प्रश्न मात्र आईने कधीच निकालात काढला होता. तिने ट्रंकेतून आम्हा सगळ्यांचे विटलेले, फाटायला आलेले कपडे बाहेर काढून घड्या घालून ठेवले आहेत. सहलीला निघताना कपाटातले सगळ्यांत वाईट कपडे बरोबर घेणारे आमचे हे आंबिवलीतले पहिलेच कुटुंब असावे.