नाव झाकून मिळालेलं बक्षीस

जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले आणि पुढचे काही दिवस त्यांच्या सन्मानांची यादी फोनवर फिरत राहिली. पद्मभूषण १९६५, युनेस्कोचा कलिंग पुरस्कार १९९६, पद्मविभूषण २००४, महाराष्ट्र भूषण २०१०, साहित्य अकादमी २०१४, आणि २०२१ मध्ये नाशिकच्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. आमच्या बोरीतल्या ग्रुपवरही ही यादी आली आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. विज्ञानकथाकार नारळीकरांना मिळालेलं एक बक्षीस मात्र किस्सा म्हणून सांगितलं जातं, सन्मान म्हणून मोजलं जात नाही. मला तेच सगळ्यात विचार करण्याजोगं वाटतं.

साल १९७४. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक. त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, पण लेखक म्हणून नाव घातलं नारायण विनायक जगताप. ना. वि. ज. उलटं वाचलं की ज. वि. ना. अक्षर कोणी ओळखू नये म्हणून कथेची प्रत मंगलाताईंनी आपल्या हातानं लिहून काढली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

म्हणजे नाव झाकलं आणि हातही झाकला. परीक्षकांपुढे उरली ती फक्त गोष्ट.

एवढी खबरदारी कशाला, हे समजायला १९६५ कडे जावं लागतं. फ्रेड हॉइल यांच्यासोबत १९६४ साली मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तानं नारळीकरांचं नाव जगभर झालं, आणि पुढच्याच वर्षी सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. वय वर्षं सव्वीस! गंमत बघा, त्याच १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन या दोघांनी आकाशात सगळीकडून सारख्याच येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर केला. हॉइल आणि नारळीकर ज्या 'स्थिर स्थिती' विश्वाच्या बाजूनं होते, त्या कल्पनेला बसलेला हा सगळ्यात मोठा धक्का. बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. पुढे १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी त्या कल्पनेची सुधारलेली आवृत्ती मांडली आणि शेवटपर्यंत अल्पमतातच राहिले.

मग तो पद्म पुरस्कार चुकला का? मला तसं वाटत नाही. सन्मान म्हणजे सिद्धान्ताच्या खरेपणाचा दाखला नव्हे. पण आपण तो तसाच वाचतो. एकदा नावापुढे बिरूद लागलं की त्या माणसानं पुढे जे काही करावं ते आधीच चांगलं ठरलेलं असतं. छत्तिशीतल्या नारळीकरांना हे ठाऊक असणार. पद्मभूषण मिळालेल्या शास्त्रज्ञानं कथा पाठवली असती, तर बक्षीस मिळूनही ते कथेला मिळालं की पदवीला, हे त्यांना स्वतःला कधीच कळलं नसतं. दुसऱ्यांनी फसू नये म्हणून माणूस खरं नाव सांगतो. आपण स्वतः फसू नये म्हणून त्यांनी ते लपवलं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आमच्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड असतो. समजा एखादा नामांकित पैलवान ओळख लपवून गावठी फडात उतरला आणि नारळ घेऊन गेला, तर लोक त्याला प्रामाणिक म्हणतील का? ज्या पोरानं वर्षभर तालीम केली त्याचं बक्षीस यानं नेलं, असंच म्हणतील. १९७४च्या स्पर्धेतही कोणी तरी दुसरं आलंच असेल. पण मला वाटतं, ही उपमा एका जागी लंगडी पडते. पैलवान कुस्तीतच नामांकित असतो. नारळीकर नामांकित होते ते गणितात आणि खगोलशास्त्रात; कथेच्या फडात ते त्या पोराइतकेच नवे होते. उलट खऱ्या नावानं उतरले असते, तर दुसऱ्या फडातली कमाई या फडात वापरल्यासारखं झालं असतं.

नाव झाकण्याची हीच रीत त्यांनी पुढे वेगळ्या कामाला लावली. फलज्योतिषाची चाचणी घ्यायची ठरली तेव्हा नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे त्यांच्यासोबत होते. २०० कुंडल्या घेतल्या. निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. कोणती कुंडली कोणाची हे झाकून प्रत्येक ज्योतिषाला ४० पाठवल्या. २७ जणांची उत्तरं आली आणि त्यांतली बरोबर निघाली सुमारे ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी जमलीच असती. माणूस समोर असला की ज्योतिषी त्याच्या कपड्यांवरून, बोलण्यावरून अंदाज बांधतो. माणूस झाकला की उरते ती विद्या, असली तर.

नाव माहीत असलेले सन्मान वेगळ्याच तऱ्हेनं वागतात. साहित्य अकादमीनं नारळीकरांना पुरस्कार दिला तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला. पुस्तक चांगलंच आहे. पण ज्यानं मराठीत विज्ञानकथेला वाचक मिळवून दिला, त्याला देशाचा साहित्य पुरस्कार विज्ञानकथेसाठी मिळू नये, याची मला आजही चुटपुट लागते. अकादमीला जणू माणूस हवा होता, त्याची यक्ष-प्रेषितांची दुनिया नको होती. नाशिकला तर माणूसच प्रत्यक्ष हवा होता. तब्येतीमुळे ते संमेलनाला येऊ शकले नाहीत. वय ८३, भाषण पाठवलेलं. तरी व्यासपीठावरूनच नाराजी व्यक्त झाली. सन्मान स्वीकारला म्हणजे देह आणून दाखवला पाहिजे, असा त्याचा अर्थ. जगतापला देहच नव्हता.

इथपर्यंत मी नाव झाकण्याच्या बाजूनं बोललो. पण मी राहतो बोरीत, जिंतूर तालुक्यात, आणि इथं नावाचा प्रश्न इतका सरळ नाही.

आमच्याकडे सत्कार फार. शाल, श्रीफळ, फेटा, चौकातला फ्लेक्स. दहावीला पहिला आला, सत्कार. सोसायटीचा चेअरमन झाला, सत्कार. पण कोणाच्या फ्लेक्सवर किती मोठे फोटो आणि कोणाच्या घरी नुसता हारच, हे आडनाव ऐकल्यावर सांगता येतं. नारळीकरांना नाव झाकावं लागलं ते कौतुक टाळायला. आमच्या गावात काही पोरांचं नाव झाकावं लागतं ते उलट्या कारणासाठी.

अमेरिकेत ॲलिस शेल्डन नावाच्या बाई जेम्स टिप्ट्री ज्युनिअर या पुरुषी नावानं विज्ञानकथा लिहीत होत्या. १९७४ साली, आपल्याकडे जगतापला बक्षीस मिळालं त्याच वर्षी, टिप्ट्रीला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. हा लेखक पुरुषच असणार, असं एका नामवंत लेखकानं छातीठोकपणे लिहूनही टाकलं. १९७७ मध्ये खरं उघड झालं. तिथं झाकलेल्या नावानं परीक्षकांचीच परीक्षा घेतली.

काही वर्षांपूर्वी विज्ञान दिनासाठी आम्ही काही जणांनी आसपासच्या शाळांतल्या मुलांसाठी विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली. नारळीकरांचा किस्सा सांगून मी आग्रह धरला की वहीच्या पानावर नाव नको, फक्त क्रमांक. एका पोरानं विचारलं, "सर, नावच नसंल तं बक्षीस कोणाला देसाल?" पाकिटाची युक्ती सांगितल्यावर त्याला पटलं.

त्यात चौदा नंबरची गोष्ट आली. ऊसतोडीला गेलेल्या टोळीत एक यंत्र येतं, ते ऊस तोडतं, मोळ्या बांधतं, फडावर लोक खूश होतात. मग मुकादम उचल परत मागतो. यंत्रानं काम केलं, तर तुम्ही कशाची उचल घेतली? गोष्टीतली मुलगी रात्री यंत्रापाशी जाऊन त्याला विचारते, तुझी उचल किती. एवढीच गोष्ट. यंत्र चालतं कसं याचं एक वाक्य नाही, पण यंत्र आल्यावर काय होतं हे तिला नेमकं ठाऊक होतं. आणि विज्ञानकथेनं दुसरं काय करायचं असतं?

नाव झाकलेलं होतं. तरी परीक्षकांपैकी एक जण पहिल्या पानावरच म्हणाले, "हे तांड्यावरचं दिसतंय." 'न'च्या जागी 'ण', 'ण'च्या जागी 'न', 'म्या' आणि 'तिनं म्हन्ली'. शुद्धलेखनाला वीस गुण होते, ते गेले. गोष्ट उत्तेजनार्थवर आली. मी भांडलो, बाकीच्यांनी मतं मोजली, निकाल तसाच राहिला. त्या परीक्षकांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण भाषेलाही आडनाव असतं आणि ते पाकिटात घालता येत नाही. मंगलाताईंनी अक्षर बदललं, भाषा बदलायची गरज पडली नाही. जगतापचं मराठी परीक्षकांच्याच मराठीसारखं होतं. नाव झाकलं की नुसतं काम उरतं, हे ज्याचं काम आधीच मापात बसतं त्याच्यापुरतं खरं.

म्हणून कधी कधी मला उलटं वाटतं, की नाव मोठ्यानं उच्चारलं जावं. १९९५ साली परभणीला साहित्य संमेलन भरलं त्याचे अध्यक्ष नारायण सुर्वे होते. रस्त्यावर सापडलेलं मूल, गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी घरी नेलं, आणि त्यांचंच नाव पुढे लागलं. सुर्व्यांच्या कविता निनावी छापल्या असत्या तरी त्या चांगल्याच राहिल्या असत्या, पण त्या खुर्चीवर ते नाव बसलेलं पाहण्यात आमच्या जिल्ह्यातल्या लोकांना जे मिळालं, ते निनावी बक्षिसात नसतं. आमच्याच गंगाखेडची जनाबाई अभंगात स्वतःचं नाव सांगताना नामदेवांचंही सांगते. तिला झाकायचं काही नव्हतं आणि मिरवायचंही नव्हतं. कोणाच्या घरात राबून हे लिहिलं, एवढं तिनं नोंदवून ठेवलं.

या दोन ओढी मला अजून एका दाव्याला बांधता आलेल्या नाहीत. निवड करताना नाव झाकावं आणि बक्षीस देताना उघडावं, हे बोलायला सोपं. पण निवडीचं मापच एका घरचं असलं, तर पाकीट फोडल्यावर आतून त्याच घरची नावं निघत राहतात.

यंदा आम्ही शुद्धलेखनाचे वीस गुण काढून टाकले. आमच्यातल्या एका सरांना ते मान्य नाही. त्यांचं म्हणणं, उद्या ही पोरं परीक्षेला बसतील तेव्हा तिथं कोण माफ करणार? आपण आज लाड करतोय आणि त्याची किंमत ती नंतर मोजतील. हे बोलणं मला उडवून लावता येत नाही. शेवटी असं ठरलं की चुका दुरुस्त करून वही परत द्यायची, गुण मात्र कापायचे नाहीत. सर अजून कुरकुरतात. गोष्टी यायला लागल्यात. कालपर्यंत एकोणीस आल्या. त्यांपैकी तीन पेन्सिलीनं लिहिलेल्या आहेत आणि एकीत परग्रहावरचा माणूस जिंतूरच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलाय.