पगाराचं पाकीट

गिरणगावातल्या एका चाळीत एक बाई खानावळ चालवायची. तिला एकुलती एक मुलगी. दोघींचं पटत नव्हतं, आणि का पटत नव्हतं ते सगळ्या चाळीला ठाऊक होतं. मुलगी सात वर्षांची असताना बाईनं नवऱ्याला घरातून घालवून दिलं होतं. कुणी विचारलं तर ती स्वतःच सांगायची, "हो, मीच घालवलं त्यांना." आणि पुन्हा पोळी लाटायला घ्यायची.

मुलीचा बापावर फार जीव. तो साचेखात्यात कामाला होता. पाळी संपवून आला की त्याच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असत. मुलगी त्याच्या पाठीशी उभी राहून ते एकेक वेचायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत बापही होता. संप लांबला. आधी घरातली तांब्या-पितळेची भांडी गेली, मग आईच्या बांगड्या. त्या वर्षी दिवाळीच्या आधी बापही दिसेनासा झाला.

तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. या मायलेकींमधला अबोलाही तसाच राहिला. मुलगी शिकली, नर्स झाली, लग्न करून लांब राहायला गेली. सणाला यायची, पण मुक्काम करायची नाही.

पुढे चाळ पाडायची ठरली. मुलगी सामान हलवायला आली. आई म्हणाली, "सगळं ने. ट्रंकेला हात लावू नको."

मुलीनं ट्रंक ओढलीच. गंजलेली कडी निखळली. लुगड्यांच्या तळाशी पगाराचं एक पाकीट होतं. त्यावर बापाचं नाव आणि महिना, ऑक्टोबर १९८२.

संपात पगार कसला?

पाकिटाला टाचणीनं डॉक्टरांची चिठ्ठी लावलेली होती. तिच्यावर मुलीचं नाव होतं.

आई खाली बसली. "तुला टायफॉईड झाला होता. उधार कुणी देईना. हे लपूनछपून कामावर गेले. त्यांच्याच जोडीदारानं पाहिलं. म्हणाला, मी कुठं बोलणार नाही, पण तू इथं राहू नको. त्याच रात्री गेले."

"आणि तू म्हणालीस, मी घालवलं."

"संप फोडणाऱ्याची पोर म्हणून तुला जगू दिलं नसतं कुणी. आणि तुझ्या औषधापायी बाप गेला, हे तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

आईनं खोटं सांगितलं ते मायेपोटीच. पण लेकराला न सांगितलेल्या गोष्टीची जागा रिकामी राहत नाही. ते तिथं आपल्या समजुतीची गोष्ट बसवतं आणि तिच्यावर रागावत मोठं होतं.

"मला सांगायला हवं होतंस," मुलगी म्हणाली.

"हो," आई म्हणाली.

खाली टेम्पोवाला हाका मारत होता. मुलीनं गॅलरीतून त्याला थांबायला सांगितलं. मग आत येऊन आईसमोर बसली आणि विचारलं, "कुणाकडे गेले होते बाबा?"