उतारशाळेच्या रक्षकाचे काय?



दवाखान्यात आपले माणूस असले की तक्रार बहुधा सिस्टरविषयी असते: लवकर येत नाहीत, बोलतात तेही तुटक. आपण सहज म्हणतो, "सेवेचे व्रत घेतलेय ना!" पण व्रत घेतलेल्याला थकवा येत नाही का?

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. हात कमी पडले की इंजेक्शन, सलाईन कसेबसे होते; मागे राहते ते कूस बदलणे, पाणी पाजणे, धीराचा शब्द.

मुंबईच्या केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या. तरी पडून राहिल्याने होणारी एकही जखम अंगावर नसल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात आहे. ती कुणा एकीची करुणा नव्हती. पाळीपाळीने अनेकींनी उचललेला भार होता.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला पुढे सांभाळायचे होते उतारशाळेच्या रक्षकाने. शोमरोन्याने त्याला नुसता उपदेश केला नाही. दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाल्यास परतताना देण्याचे वचन दिले. दुसऱ्याकडून करुणा मागताना तिचा खर्च उचलणे हीही करुणाच.

रुग्णाशी उद्धटपणा योग्य नाहीच. पण रिकाम्या जागा भरण्याचा आग्रह आपण कधी धरला? रात्रपाळी करून आलेल्या घरच्या लेकी-सुनेला विश्रांती दिली? पुढच्या वेळी तक्रार करण्यापूर्वी सिस्टरच्या वाट्याच्या खाटा एकदा मोजू या.