अंगठा खरा, निष्कर्ष खोटा



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ५.

भगवंत सांगतात की स्वतःला वर काढायचं ते स्वतःच, आणि स्वतःला खचू द्यायचं नाही. माणसाचा सोबती तोच आणि वैरीही तोच. मूळ श्लोकात 'खचू देऊ नये' यासाठी जो शब्द आलाय, त्याच धातूपासून 'अवसाद' हा शब्द झालाय. हिंदीत आज डिप्रेशनला तोच म्हणतात.

श्लोक शाळेत पाठ केला होता. अर्थ मात्र लागला गेल्या वर्षी, तोही ऑफिसने नेमून दिलेल्या कोचसमोर बसल्यावर.

झालं असं, की टीम लीड होण्याबद्दल मला दोनदा विचारलं गेलं आणि दोन्ही वेळा मी 'घरी जरा व्याप आहे' म्हणून टाळलं. व्याप कसला, काही नाही. लीड म्हणजे रोज परदेशातल्या क्लायंटशी बोलणं. मी म्हसवडचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. कॉलवर अनम्यूट करायची वेळ आली की मनात एकच वाक्य यायचं : तोंड उघडलं की कळणार, याला काही येत नाही.

कोचने वहीत रकाने आखायला लावले. प्रसंग काय, मनात आलेलं वाक्य कोणतं, भीती शंभरपैकी किती, त्या वाक्याच्या बाजूने पुरावा, विरुद्ध पुरावा, आणि शेवटी त्यातल्या त्यात खरं वाक्य. ही पद्धत कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपीतली. अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आणि पुढे १९६० च्या दशकात ॲरन बेकने या विचाराची मांडणी केली. महाराष्ट्रात एलिसचा विचार रुजवला तो कि. मो. फडके यांनी. (कोच म्हणजे डॉक्टर नव्हे, हं. झोप-जेवण उडालं असेल, जगणंच नको वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.)

माझी गाडी अडली पुराव्याच्या रकान्यात. बाजूने लिहिलं : 'उच्चार चुकतात.' हे खरंच होतं, रेकॉर्डिंग ऐकून खात्री केली होती. म्हटलं, संपली केस. कोच म्हणाले, "उच्चार चुकतात हे दिसतंय. 'काही येत नाही' हे कुठे दिसतंय?" मला उत्तर देता येईना.

त्याच आठवड्यात गावी गेलो. आईला पासबुक भरायचं होतं म्हणून गाडीवरून माणदेशी बँकेत सोडलं आणि बाहेर उभा असताना त्या बँकेची गोष्ट आठवली. लहानपणापासून ऐकलेलीच, पण त्या दिवशी वेगळी ऐकू आली.

बँक १९९७ ची. चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायकांना बरोबर घेऊन रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हा परवाना आधी नाकारला गेला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. चेतनाताई रडत परतल्या. बायकाच त्यांना म्हणाल्या, रडता कशाला, आम्ही शिकतो. दिवसभर राबून रात्री अक्षरं गिरवली. पाच महिन्यांनी पंधराजणी चेतनाताईंबरोबर पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. त्यांचं म्हणणं असं : आमच्या लहानपणी शाळाच नव्हती, पण आम्हाला हिशेब येतो. कुठलीही रक्कम सांगा, व्याज काढून दाखवतो. तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा, बघू कोण आधी काढतं. परवाना मिळाला.

या बायकांनी 'आम्ही शिकलेल्याच आहोत' असं स्वतःला समजावलं नाही. पॉझिटिव्ह थिंकिंगच्या नावाखाली आपण हेच तर करत असतो. अंगठा खरा होता, तो त्यांनी मान्य केला आणि पाटी हातात घेतली. 'म्हणून बँक चालवता येणार नाही' हा त्याला चिकटवलेला निष्कर्ष तेवढा त्यांनी तपासायला मागितला. माझ्या रकान्यात खरं आणि चिकटवलेलं एकाच ओळीत बसलं होतं.

याच अध्यायात पुढे अर्जुन तक्रार करतो, की मन आवरणं म्हणजे वारा बांधून ठेवण्यासारखं आहे. भगवंत त्याला खोटं पाडत नाहीत. मन चंचल आहे हे मान्य करतात आणि मगच अभ्यास आणि वैराग्य सांगतात. अभ्यास म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा करणं. गीतेचं मॅनेजमेंटचं पुस्तक करून टाकणाऱ्यांचा मला कंटाळाच आहे; तिचा विषय त्याहून फार मोठा आहे. पण मनाशी वागायची ही रीत तिच्यात आहे, हे कसं नाकारू?

गावाहून आल्यावर वहीत शेवटच्या रकान्यात लिहिलं : 'उच्चार चुकतात. काम येतं. दोन्ही.'

लीडची जागा तोवर दुसऱ्याला गेली होती. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. शनिवारी सकाळी इंग्रजीचा क्लास लावलाय. शुक्रवारचा डेमो मी मागून घेतलाय. पहिल्या वेळी भीती ऐंशी लिहिली होती, गेल्या शुक्रवारी पंचावन्न.

उद्या श्लोक सहावा.